नव्वद दिवसांचा हिशोब : राखीव सैन्याची ‘सज्जता’ मोजायची कशी?

पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिल्याच पानावर एखादा भारदस्त शब्द येऊन बसतो. गुणवत्ता, सक्षमीकरण, कार्यक्षमता, सज्जता. वाचायला छान वाटतं. मग सादरीकरणाच्या दिवशी समितीतले कोणीतरी शांतपणे विचारतात, “हे तुम्ही मोजणार कसं?” आणि आपली बोलती बंद होते.

आज आपण अशाच एका शब्दाचं काय होतं ते एका खऱ्या प्रकरणातून पाहणार आहोत. शब्द आहे ‘सज्जता’, आणि प्रकरण आहे १९९०-९१ च्या आखाती युद्धातल्या अमेरिकी नॅशनल गार्डच्या ब्रिगेडचं. तुमचा विषय संरक्षणशास्त्र नसला तरी वाचा. शाळेची गुणवत्ता मोजणाऱ्याला, दवाखान्याची आपत्ती-तयारी तपासणाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीची कार्यक्षमता अभ्यासणाऱ्याला हीच अडचण येते. इथे फरक एवढाच, की मोजमाप चुकलं तर अपुऱ्या तयारीची माणसं रणांगणावर जातात.

आधी थोडी ओळख

राखीव सैनिक म्हणजे एरवी नागरी आयुष्य जगणारा माणूस. कोणी शिक्षक, कोणी ट्रकचालक, कोणी बँकेत. वर्षातले ठरावीक दिवस तो गणवेशात प्रशिक्षण घेतो आणि गरज पडली की सरकार त्याला पूर्णवेळ सेवेत बोलावतं. या पाचारणाला मोबिलायझेशन म्हणतात.

अमेरिकेत राखीव सैन्याचे अनेक भाग आहेत. आपल्याला त्यातले दोन पुरेत. पहिला नॅशनल गार्ड. हे दल राज्यनिहाय असतं आणि शांतताकाळात राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली चालतं. दुसरा इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह, म्हणजे नियमित सेवा संपली पण कराराची वर्षं अजून शिल्लक आहेत, असे सुटे सैनिक. त्यांना तुकडी नसते आणि नियमित सरावही नसतो.

गार्डच्या सैनिकाचं वेळापत्रक साधारण असं : महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून सलग दोन आठवडे. हिशोब केला तर वीकेंडचे २४ दिवस आणि वार्षिक शिबिराचे १५, असे एकूण ३९ दिवस. यातून प्रवास, हजेरी, कागदपत्रं, साहित्य काढणं आणि परत जमा करणं हे सगळं वजा करा. रणगाड्यांची तुकडी असेल तर आणखी पंचाईत. रणगाडे काही गावातल्या केंद्राच्या मागच्या अंगणात उभे नसतात. मोठी वाहनं दूरच्या प्रशिक्षणतळावर ठेवलेली असतात आणि गोळीबाराचं मैदानही तिकडेच असतं. म्हणजे ३९ दिवस ही कागदावरची कमाल. खरा सराव त्याहून कमीच.

वर्षाचे ३९ दिवस मिळणारी तुकडी ३६५ दिवस मिळणाऱ्या तुकडीइतकी तयार कशी असेल? नसणारच, आणि हे सर्वांना माहीत असतं. म्हणून राखीव दलाबाबत विचारायचा प्रश्न वेगळा असतो : बोलावल्यापासून किती दिवसांत तयार होईल? आजच्या लेखाचा कणा हाच आहे. राखीव दलाची सज्जता दिवसांत मोजावी लागते.

१९९० मध्ये काय झालं

व्हिएतनाम युद्धात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राखीव दलांचं मोठ्या प्रमाणावर पाचारण टाळलं होतं. त्यानंतर १९७० च्या दशकात ‘टोटल फोर्स’ हे धोरण आलं. नियमित आणि राखीव अशी दोन वेगळी सैन्यं न मानता दोन्ही मिळून एक सैन्य समजायचं, अशी ती कल्पना. (लष्करप्रमुख जनरल क्रेटन एब्रॅम्स यांनी राखीव दलाशिवाय युद्धात उतरताच येऊ नये अशी रचना मुद्दाम केली की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहे. हेतू सिद्ध करणं किती कठीण असतं ते पाहायचं असेल तर हा वाद जरूर वाचा.)

या धोरणातून ‘राउंडआउट’ पद्धत आली. नियमित डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड हव्यात, तर दोन नियमित ठेवायच्या आणि तिसरी गार्डची जोडायची. जॉर्जिया राज्यात फोर्ट स्टुअर्टला असलेल्या २४ व्या इन्फंट्री डिव्हिजनची तिसरी ब्रिगेड होती जॉर्जिया गार्डची ४८ वी. युद्ध झालं तर ही डिव्हिजन आपल्या गार्ड ब्रिगेडसह जाईल, अशी सर्वांची समजूत होती.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर आक्रमण केलं. त्याच महिन्यात २४ वी डिव्हिजन सौदी अरेबियाकडे निघाली. तिच्यासोबत तिसरी ब्रिगेड म्हणून गेली फोर्ट बेनिंगची १९७ वी, जी नियमित सैन्याची होती. ४८ वी घरीच राहिली.

तिला पाचारण झालं ३० नोव्हेंबर १९९० ला. आधी फोर्ट स्टुअर्टला प्रशिक्षण, मग कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विनच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रावर दीर्घ सराव. ही ब्रिगेड लढाईसाठी तयार असल्याचं शिक्कामोर्तब झालं २८ फेब्रुवारी १९९१ ला. आखातात युद्धबंदी लागू झाली तोही दिवस हाच.

मोजून पाहा : डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८. बरोबर ९० दिवस.

मिसिसिपीची १५५ वी आणि लुइझियानाची २५६ वी, या आणखी दोन राउंडआउट ब्रिगेडनाही बोलावलं होतं. तिन्हींपैकी एकही युद्धात उतरली नाही.

कागदावर काय लिहिलं होतं

संशोधक म्हणून आपला खरा रस इथून सुरू होतो. ९० दिवस लागले हे आपल्याला नंतर कळलं. आधी काय माहीत होतं?

अमेरिकी सैन्यातली प्रत्येक तुकडी ठरावीक काळाने स्थिती-अहवाल भरते. त्यात चार रकाने असतात : माणसं किती आहेत, साहित्य किती आहे, त्यातलं चालू स्थितीत किती, आणि प्रशिक्षण कितपत झालं आहे. प्रत्येक रकान्याला श्रेणी मिळते. सर्वांत खालची श्रेणी सामान्यतः पूर्ण तुकडीची श्रेणी धरली जाते, पण कमांडर स्वतःच्या निर्णयाने ती वरखाली करू शकतो.

यातले तीन रकाने मोजणीचे आहेत. माणसं मोजता येतात, ट्रक मोजता येतात. चौथ्या रकान्याचं काय? तिथे कमांडरने अंदाज द्यायचा : तुकडी पूर्ण प्रशिक्षित व्हायला आणखी किती दिवस लागतील? त्या काळच्या नियमानुसार १४ दिवसांपर्यंत पहिली श्रेणी, १५ ते २८ दिवस दुसरी, २९ ते ४२ दिवस तिसरी आणि त्यापुढे चौथी.

हे मोजमाप तत्त्वतः चांगलं आहे हे लक्षात घ्या. राखीव दलासाठी दिवसांतच मोजायला हवं असं आपण वर म्हटलं, आणि इथे एकक दिवसच आहे. तरीही पाचारणाआधीच्या अंदाजांत या ब्रिगेडना लागणारा काळ सहा आठवड्यांच्या आतबाहेरचा धरलेला होता. प्रत्यक्षात लागला त्याच्या दुपटीहून जास्त.

गफलत कुठे झाली? कमांडर खोटं बोलले असं उत्तर पटकन सुचतं. त्या मोहात पडू नका. अहवाल भरणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमची तुकडी ब्रिगेड म्हणून पूर्ण ताकदीनिशी क्वचितच एकत्र आली आहे. अनेक दिवस चालणारी, शत्रूची भूमिका करणाऱ्या तुकडीविरुद्धची ब्रिगेडपातळीची लढाई तुम्ही फारशी अनुभवलेलीच नाही. मग ती शिकायला किती दिवस लागतील याचा अंदाज कशावरून बांधणार? ज्या कामाचा अनुभव नाही, त्याला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. घराचं बांधकाम काढलेल्या कोणालाही विचारा. त्यात हीच श्रेणी तुमच्या कामगिरीचं प्रगतिपुस्तकही असते, म्हणजे अंदाज वरच्या बाजूला झुकायला आणखी एक कारण.

पद्धतीच्या भाषेत सांगायचं तर एकक बरोबर होतं, पण मोजणारा आणि मोजला जाणारा एकच होता, आणि मोजमाप प्रत्यक्ष चाचणीवर ताडून पाहिलेलं नव्हतं. तुमच्या प्रश्नावलीत “तुमची शाळा आपत्तीसाठी किती सज्ज आहे?” असं मुख्याध्यापकांना विचारलेलं असेल, तर तुमचा विदा याच जातीचा आहे.

नव्वद दिवस कशात गेले

अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या तपास संस्थेने सप्टेंबर १९९१ मध्ये या ब्रिगेडवर अहवाल दिला. शांतताकाळातल्या प्रशिक्षणाने या ब्रिगेड पुरेशा तयार झाल्या नव्हत्या, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच आहे. त्यातून आणि नंतरच्या अभ्यासांतून जे चित्र दिसतं, त्यात चार गोष्टी कळीच्या आहेत.

*दात.* हो, दातच. तैनातीआधी प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय तपासणी होते, आणि या ब्रिगेडमध्ये दातांच्या तक्रारींमुळे तैनातीस अपात्र ठरणाऱ्यांची संख्या डोकेदुखी ठरली. नियमित सैनिकाचे दात सैन्याचा दंतवैद्य पाहतो. राखीव सैनिकाचे दात त्याच्या स्वतःच्या खिशावर अवलंबून. वाळवंटात सैनिकाची दाढ ठणकायला लागली तर तो कामातून जातो, शिवाय त्याला मागे न्यायला वाहन आणि माणसं गुंततात. आज अमेरिकी सैन्यात दंतसज्जतेच्या चार श्रेणी आहेत. पहिल्या दोन श्रेणींतला सैनिक पाठवता येतो. येत्या बारा महिन्यांत दात दगा देईल असं वाटलं तर तिसरी श्रेणी, आणि तपासणीच झालेली नसेल तर चौथी.

*माणसांची ये-जा.* नियमित सैन्यात एखाद्या तुकडीत रणगाड्याचा तोफचालक कमी पडला तर दुसऱ्या तळावरून बदली करून आणता येतो. गार्डची तुकडी गावाला बांधलेली असते. सैनिकाने नोकरी बदलली, दुसऱ्या शहरात गेला, तर तिथल्या जवळच्या तुकडीत त्याचं काम असेलच असं नाही. तोफचालकाला तिथे ट्रक चालवायला मिळेल, आणि मग ते काम पहिल्यापासून शिकावं लागेल. म्हणजे एकूण संख्या भरलेली दिसते, पण योग्य जागी योग्य प्रशिक्षणाचा माणूस असतोच असं नाही. पाचारण झालं की या रिकाम्या जागा दुसऱ्या तुकड्यांतून माणसं उचलून भरतात. साहजिकच ज्या तुकडीतून उचलली, तिची सज्जता घटते. पुढे तिला बोलावलं की ती तिसरीकडून उचलते. रँड संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात तर असं दिसलं की इराक-अफगाणिस्तानच्या काळात तैनात होणाऱ्या राखीव तुकड्यांमधले बरेच सैनिक आदल्या वर्षभरातच त्या तुकडीत आलेले होते. आता विचार करा, या तुकडीने दोन वर्षांपूर्वी केलेला उत्कृष्ट सराव कोणाच्या अंगात उरला?

*नेतृत्व.* सार्जंट आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांचे नेतृत्वाचे अभ्यासक्रम अनेक आठवड्यांचे असतात. नोकरी करणाऱ्या माणसाला सलग एवढी सुट्टी कुठून मिळणार? परिणामी पद आहे पण त्या पदाचं प्रशिक्षण नाही, अशी स्थिती बऱ्याच जागी होती.

*एकत्र काम करणं.* ही सर्वांत वेळखाऊ गोष्ट. एका रणगाड्याच्या चमूला नेम धरायला शिकवणं एक वेळ सोपं. पण रणगाडे, चिलखती गाड्यांतलं पायदळ, तोफखाना, सुरुंग काढणारे अभियंते आणि इंधन-दारूगोळा पोचवणाऱ्या गाड्या रात्रीच्या अंधारात एका वेळी एका जागी पोचल्या पाहिजेत. हे फक्त सगळे एकत्र येऊनच शिकता येतं, आणि तेवढा वेळ, तेवढी जागा वीकेंडला मिळत नाही.

मग काही राखीव तुकड्या सहज कशा गेल्या?

इथवर वाचून राखीव दल म्हणजे कुचकामी असं तुमचं मत झालं असेल तर थांबा. त्याच युद्धात दोन लाखांहून अधिक राखीव सैनिकांना बोलावलं गेलं. वाहतूक, वैद्यकीय, पाणीपुरवठा, दुरुस्ती अशा असंख्य राखीव तुकड्या आखातात गेल्या आणि त्यांच्याशिवाय ही मोहीम चाललीच नसती. लढाऊ तुकड्यांपैकीही गार्डच्या दोन तोफखाना ब्रिगेड, आर्कान्सासच्या मुख्यालयाची १४२ वी आणि टेनेसीची १९६ वी, प्रत्यक्ष युद्धात उतरल्या.

ही तुलना सोन्यासारखी आहे. दल तेच, वर्षाचे ३९ दिवस तेच, पगार तोच, गावाला बांधलेपण तेच. तरीही एका प्रकारची ब्रिगेड गेली आणि दुसऱ्या प्रकारची राहिली. बदललं काय? कामाचं स्वरूप. तोफखान्याचं काम तांत्रिक आहे, अवघडही आहे, पण त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : लक्ष्याचे निर्देशांक घ्या, गणित करा, तोफ लावा, डागा. ही कामं छोट्या चमूत, गावाजवळ, पुन्हा पुन्हा घोटता येतात. चिलखती ब्रिगेडच्या कामात समोरचा शत्रू दर तासाला परिस्थिती बदलतो आणि हजारो माणसांना त्याप्रमाणे वळावं लागतं.

कौशल्य कसं विसरलं जातं, यावरचं संशोधनही याला पूरक आहे. १९९१ मध्ये ते सुटे राखीव सैनिक, म्हणजे इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्हचे, बोलावले गेले तेव्हा सैन्याच्याच संशोधन संस्थेने त्यांची चाचणी घेतली. कामाविषयीचं ज्ञान सेवा सोडल्यापासून साधारण सहा महिन्यांत बरंचसं ओसरलेलं होतं. शस्त्र चालवण्याचं कौशल्य त्यापेक्षा जास्त टिकलं, त्याची घसरण साधारण दहा महिन्यांनंतर दिसली. आणि मुळात जो चांगलं शिकला होता, त्याचं जास्त शिल्लक राहिलं. पुढे १९९८ मध्ये विन्फ्रेड आर्थर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही शारीरिक कौशल्यांपेक्षा बौद्धिक कौशल्यं न वापरल्याने लवकर झिजतात असं आढळलं. पोहायला आलेलं माणूस विसरत नाही, पण दहावीचं बीजगणित विसरतं. हा आपला रोजचा अनुभवच आहे.

यातून राखीव दलाच्या रचनेचं एक सूत्र निघतं. जे हळू विसरलं जातं आणि छोट्या गटात घोटता येतं, ते शांतताकाळात पक्कं करून ठेवायचं. जे लवकर ओसरतं आणि सर्वांना एकत्र आणल्याशिवाय शिकताच येत नाही, त्यासाठी पाचारणानंतरचे दिवस राखून ठेवायचे.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘बोल्ड शिफ्ट’ कार्यक्रमाने हेच केलं. लढाऊ तुकड्यांनी शांतताकाळात ब्रिगेडपातळीची स्वप्नं न पाहता चमू आणि प्लाटून पक्के करायचे. १९९२ च्या सुधारणा कायद्याने गार्डच्या लढाऊ तुकड्यांना नियमित तुकड्यांशी जोडलं आणि सज्जतेच्या मूल्यमापनात नियमित सैन्याच्या अधिकाऱ्यांना स्थान दिलं. म्हणजे मोजणारा बदलला. तरीही १९९५ च्या जीएओ अहवालाने ९० दिवसांत या ब्रिगेड तयार होतील याची खात्री देता येत नाही, असंच म्हटलं. कागदावरची सुधारणा आणि मैदानावरची सुधारणा यांत असं अंतर राहतंच.

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निष्कर्ष काढू नका

गार्डच्या समर्थकांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

पहिला मुद्दा : २४ वी डिव्हिजन ऑगस्टमध्ये निघाली आणि तिने जमिनीवरचा हल्ला केला २४ फेब्रुवारी १९९१ ला. मधले काही महिने ती सौदीच्या वाळवंटात सरावच करत होती. मग नियमित सैन्याला मिळालेला हा सरावकाळ मोजायचा नाही आणि गार्डचे ९० दिवस तेवढे मोजायचे, हे कसं? ४८ व्या ब्रिगेडला ऑगस्टमध्येच बोलावलं असतं, तर ९० दिवस नोव्हेंबरमध्येच संपले असते.

दुसरा मुद्दा : मग ऑगस्टमध्ये का नाही बोलावलं? यात कायद्याचा भाग होता. त्या वेळच्या तरतुदीनुसार राष्ट्राध्यक्षांना राखीव सैनिक ९० दिवसांसाठी आणि मुदतवाढ देऊन आणखी ९० दिवसांसाठी बोलावता येत होते. एकूण १८०. यातले निम्मे प्रशिक्षणात आणि काही वाहतुकीत गेले तर लढायला उरतात किती? काँग्रेसने नोव्हेंबर १९९० मध्ये लढाऊ राखीव तुकड्यांसाठी ही मर्यादा ३६० दिवसांपर्यंत वाढवली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ४८ व्या ब्रिगेडला पाचारण झालं. तेव्हा ‘४८ वी ब्रिगेड गेली नाही’ या परिणामामागे तिची सज्जता किती आणि कायद्याची मुदत किती, हे वेगळं काढावं लागतं.

तिसरा मुद्दा : शिक्कामोर्तबाची कसोटी नियमित सैन्याच्या हातात होती. ती नेहमीपेक्षा कडक लावली गेली, अशी तक्रार गार्डच्या बाजूने झाली. कसोटी आधीच लिखित आणि सर्वांसाठी सारखी असती तर या वादाला जागाच राहिली नसती.

प्रबंधात अशा प्रतिवादी मुद्द्यांना एक परिच्छेद देऊन मोकळं व्हायची आपली सवय असते. इथे मात्र प्रतिवादाने प्रश्नच बदलतो. ‘ब्रिगेड सज्ज होती का?’ याऐवजी ‘कुठल्या दिवशी घड्याळ सुरू केलं?’ हा प्रश्न समोर येतो.

घड्याळ कधी सुरू करायचं

याच घड्याळाचं एक नंतरचं उदाहरण. इराक युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत राखीव तुकड्यांना बोलावून आधी काही महिने प्रशिक्षण, मग सुमारे वर्षभर तैनाती, असा एकूण दीड वर्षाच्या आसपासचा काळ जात असे. आपली ४८ वी ब्रिगेडही २००५ मध्ये इराकला गेली. जानेवारी २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी नियम केला : एका वेळचं सक्तीचं पाचारण जास्तीत जास्त एक वर्षाचं, आणि प्रशिक्षणाचा काळही त्यातच धरायचा.

आता सैन्याने काय केलं असेल? पाचारणानंतरचं शक्य तेवढं प्रशिक्षण पाचारणाच्या आधी ढकललं. वैद्यकीय तपासणी, गोळीबार पात्रता, वैयक्तिक कौशल्यं हे सगळं आधीच उरकायचं.

समजा, २००५ ते २००९ चा विदा घेऊन कोणी ‘पाचारणानंतर लागणारे दिवस’ मोजले, तर रेषा झपकन खाली येताना दिसेल. सज्जता वाढली, असा निष्कर्ष काढावासा वाटेल. पण त्यातले किती दिवस खरोखर वाचले आणि किती फक्त रेषेच्या अलीकडे सरकले? ते सरकलेले दिवस सैनिकाने आपल्या नोकरीतून, दुकानातून, घरातून काढून दिले. म्हणून कालावधी मोजताना सुरुवातीची व्याख्या मधल्या काळात बदलली आहे का, हे विदा हातात आल्या दिवशीच तपासा.

तुमच्या वहीत लिहून ठेवायचे तीन प्रश्न

राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड बेट्स यांनी १९९५ मध्ये लष्करी सज्जतेवर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी सज्जतेला तीन प्रश्न विचारले आहेत : केव्हासाठी? कशासाठी? आणि कशाची? आपलं प्रकरण त्यात कसं बसतं बघा.

१. *केव्हासाठी?* उद्यासाठी सज्ज आणि ९० दिवसांनी सज्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना लागणारा पैसाही वेगळा. प्रत्येक तुकडी उद्यासाठी सज्ज ठेवायची तर ती राखीव राहतच नाही.

२. *कशासाठी?* तोफ डागायला सज्ज आणि चिलखती ब्रिगेड म्हणून वाळवंटात चढाई करायला सज्ज, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

३. *कशाची?* एका सैनिकाची, एका प्लाटूनची की पूर्ण ब्रिगेडची? चांगल्या प्लाटून एकत्र ठेवल्या म्हणजे चांगली ब्रिगेड आपोआप होत नाही.

तुमच्या शब्दाला हे तीन प्रश्न लावून बघा. ‘ग्रामीण रुग्णालयांची सज्जता’ : साप चावलेला रुग्ण आत्ता आला तर, की साथ महिनाभराने आली तर? डॉक्टरची, की रुग्णवाहिका चालकापासून औषधसाठ्यापर्यंत सगळ्या साखळीची? तिन्ही उत्तरं एका वाक्यात लिहिता आली की समितीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तयार झालं.

आपल्याकडे अभ्यासाला जागा आहे का?

भरपूर आहे. भारताची प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं औपचारिक उद्घाटन झालं. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत.

संशोधनाच्या दृष्टीने तिची एक रचना विशेष आहे : विभागीय तुकड्या. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांचे कर्मचारी गणवेशात येतात ते मुख्यतः आपलंच काम करायला, म्हणजे संकटाच्या काळात गाड्या आणि तेलपुरवठा चालू ठेवायला. वर आपण पाहिलं की न वापरलेलं कौशल्य झिजतं. इथे तर नागरी नोकरी हाच रोजचा सराव! मग विभागीय तुकडीला पाचारणानंतर पायदळाच्या तुकडीपेक्षा कमी दिवस लागायला हवेत. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही, आणि तपासण्यासारखं आहे.

विदा कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. तुकड्यांच्या सज्जतेची तपशीलवार श्रेणी कुठलाही देश उघड करत नाही, अमेरिकाही नाही. म्हणून जे उघड आहे तिथून सुरुवात करा : संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे अहवाल, लोकसभेतली प्रश्नोत्तरं, निवृत्त अधिकाऱ्यांच्या मुलाखती. तुलनेसाठी जीएओ आणि रँडचे अहवाल मोफत वाचता येतात, आणि त्यातलं पद्धतीचं प्रकरण आधी वाचलंत तर बाकीचा अहवाल भराभर कळतो.

या आठवड्यासाठी एक छोटं काम. तुमच्या प्रस्तावातला सर्वांत भारदस्त शब्द निवडा आणि तो कोण मोजतं, घड्याळ कधी सुरू होतं आणि मोजमाप प्रत्यक्ष चाचणीशी कधी ताडून पाहिलं गेलं आहे का, हे तीन ओळींत लिहा. तिसरी ओळ रिकामी राहिली तर घाबरू नका. बऱ्याचदा प्रबंधाचा विषय त्या रिकाम्या ओळीतच असतो.